नळ आले!

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "वीसेक मिनिटं बोल. विषय तुझा तू ठरव, फक्त कॉम्प्युटरवर बोलू नकोस." अट मला मान्य होती. गेली बावीस वर्षं मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून नोकरी करते, आणि या विषयावर माझ्या घरातही माझ्याशी कुणी बोलत नाही. त्यामुळे आज मी पाण्यावर बोलणार आहे. लातूरच्या माणसांपुढे पाण्यावर बोलायचं म्हणजे धाडसच आहे. इथे बसलेला प्रत्येक जण माझ्याइतकाच, कदाचित माझ्यापेक्षा जास्त जाणकार आहे. काही चुकलं तर थांबवा. शाळेत थांबवत होतात तसंच.

आज सकाळी आपण सगळे आंघोळ करून इथे आलो. कुणी घरून, कुणी लॉजवरून, कुणी रात्रीच्या गाडीने येऊन भावाच्या घरून. नळ सोडला, पाणी आलं, गीझरचं बटण दाबलं, पाणी तापलं. यात विचार करण्यासारखं काही आहे असं आपल्यापैकी कुणाला वाटलं का? मलाही वाटलं नाही. सुखाचं असंच असतं. ते रोज वेळेवर हजर राहिलं की आपण त्याची हजेरी घेणं सोडून देतो.

आपल्या लहानपणी मात्र हजेरी घेतली जायची, तीही अख्ख्या गल्लीच्या आवाजात. "नळ आले!" अशी हाक यायची. कुणी ताटावरून उठायचं, कुणी अर्धी वेणी तशीच सोडून धावायचं. आमच्या गल्लीत मार्च लागला की आठवड्यातून एकदा, तासभर पाणी यायचं. ते पहाटे चारला येईल की रात्री अकराला, याचा नेम नसायचा. मग घागरी, कळशा, हंडे, बादल्या, पिंपं, घरात जे जे पोकळ असेल ते ते भरायचं. एकदा आमच्या शेजारच्या काकूंनी पितळी डबा रिकामा करून त्यातले लाडू परातीत काढले आणि डबा पाण्याने भरला. लाडवांचं काय झालं ते इथल्या दोन मुलांना पक्कं माहीत आहे, त्यांची नावं मी घेत नाही. कुणी नळाला टिल्लू मोटर लावली की पुढच्या तीन घरांचं पाणी तुटायचं आणि भांडण जुंपायचं. त्या तासाभरात गल्लीतल्या माणसांचे स्वभाव जेवढे कळायचे, तेवढे वर्षभरात कळत नसत.

आता थोडा माझ्या धंद्यातला हिशेब सांगते. एवढा एकच, मग कॉम्प्युटर बंद. आमच्याकडे एखादी सेवा किती वेळ चालू असते ते टक्क्यांत मोजतात. बँकेचं ॲप वर्षातले ९९.९ टक्के वेळ चालू राहिलं, तर ते वर्षभरात पावणेनऊ तास बंद होतं असा त्याचा अर्थ. तेवढ्यावरही ग्राहक चिडतात, बैठका होतात, कोणामुळे झालं याची चौकशी होते. हाच हिशेब मी आमच्या गल्लीतल्या नळाला लावून पाहिला. आठवड्याचे तास १६८. पाणी एक तास. म्हणजे आपला नळ सुमारे ०.६ टक्के वेळ चालू असायचा. आणि त्या ०.६ टक्क्यावर आपल्या आयांनी १०० टक्के संसार चालवला.

तो कसा चालवला? भाजी धुतलेलं पाणी फेकायचं नाही, त्यात भांड्यांचा पहिला हात फिरवायचा. कपडे पिळलेल्या शेवटच्या पाण्याने फरशी पुसायची. तांदूळ धुतलेलं पाणी जनावराला, मोरीचं पाणी परसातल्या पेरूला. पाहुण्याला पाणी देताना तांब्या-भांडं द्यायचं, म्हणजे त्याला हवं तेवढंच तो ओतून घेईल आणि उरलेलं उष्टं होणार नाही. हे सगळं आपण 'संस्कार' या नावाने शिकलो. आज मागे वळून पाहताना वाटतं, ते पाण्याचं व्यवस्थापन होतं आणि ते सांभाळणाऱ्या बहुतेक जणी सातवी-आठवी शिकलेल्या होत्या.

सुखाची किंमत आपल्या तुकडीला एकदा सगळ्यांना मिळून कळली होती. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आपण आठवीत होतो. आदल्या रात्री गणपतींचं विसर्जन झालेलं. किल्लारीकडे काय झालं ते दिवस उजाडल्यावर हळूहळू कळलं. आपल्या वर्गातल्या काहींचे आजोळ, काहींचे काका-मामा त्या गावांत होते. त्यावर मी इथे जास्त बोलणार नाही, ज्यांचं गेलं त्यांना ते सांगावं लागत नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस आपण सगळे उघड्यावर झोपलो. मला त्या दिवसांतली एक साधी गोष्ट आठवते. आम्हा मुलींना सगळ्यांत जास्त आठवण यायची ती कडी असलेल्या न्हाणीघराची. चार भिंती, दार आणि आतून लावता येणारी कडी. तोपर्यंत कडी ही काही सुखाची वस्तू आहे असं मला कुणी म्हटलं असतं, तर मी हसले असते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला तिच्याकडे येते.

पाचवी ते सातवी माझ्या बाकावर माझी एक मैत्रीण बसायची. गणितात ती माझ्या पुढे होती. बाई फळ्यावर उदाहरण लिहीत असतानाच तिचं उत्तर तयार असायचं. ती आज इथे आली आहे, आणि तिच्या परवानगीनेच मी हे सांगते आहे. नाव मात्र सांगू नकोस म्हणाली आहे. सातवीच्या वर्षी तिची आई आजारी पडली. वडील साखर कारखान्याच्या हंगामात बाहेर असायचे. घरात नळ नव्हता. गल्लीच्या टोकाला हापसा होता. आईकडचं पाण्याचं काम तिच्याकडे आलं. आधी तिचा पहिला तास बुडायला लागला, मग दुपारपर्यंतची शाळा. आठवीच्या जूनमध्ये ती आलीच नाही. हजेरीपटात तिच्या नावापुढे बरेच दिवस गैरहजेरी लागत राहिली, मग नाव कमी झालं.

'पाण्यामुळे शाळा सुटली' हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचं वजन जाणवत नाही. म्हणून मागच्या महिन्यात मी तिच्यासोबत बसून ते वजन खरोखर मोजलं. घरात माणसं पाच. खेड्यांसाठी त्या काळात माणशी दिवसाला ४० लिटर पाणी हा सरकारी हिशेब होता. तेवढंच धरू. पाच माणसांचं २०० लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणजे २०० किलो. तिची घागर साधारण १५ लिटरची. चौदा खेपा. हापसा घरापासून दीडशे मीटरवर. जाऊन-येऊन ३०० मीटर, चौदा खेपांचे चार किलोमीटरच्या वर. त्यातलं निम्मं अंतर चुंबळीवर पंधरा किलो घेऊन. वय तेरा. यात हापसण्याचे श्रम धरलेले नाहीत आणि रांगेत उभं राहण्याचा वेळही नाही. ती म्हणाली, "चालायचं काही वाटायचं नाही गं. रांगेत उभं राहायचं वाटायचं. तिथून आपल्या शाळेची घंटा ऐकू यायची."

पुढचा हिशेब मी तिथे केला नाही, पुण्याला परत आल्यावर केला. तेच २०० लिटर पाणी शंभर मीटर खोल बोअरमधून उपसून घराच्या वर दहा मीटर उंचीवरच्या टाकीत चढवायचं तर वीज किती लागेल? पंपात दोन तृतीयांश वीज वाया जाते असं धरलं, तरी एका युनिटच्या पाचव्या भागाहून कमी. आजच्या दराने दोन रुपयांच्या आत. एका हुशार मुलीच्या दिवसाची अर्धी शाळा ज्या कामात गेली, ते काम यंत्राने दोन रुपयांत झालं असतं.

अर्थात वीज स्वस्त असली तरी तिच्याभोवतीचं सगळं महाग असतं. बोअर, मोटर, पाइप, टाकी आणि हे सगळं नीट चालतंय ना हे पाहणारा माणूस. पण मला त्या हिशेबातून जे कळलं ते असं. नळ म्हणजे पाणी मिळण्याची सोय एवढंच नाही. नळ म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावरून उतरलेलं ओझं. आपल्याला मिळालेलं प्रत्येक सुख हे आधी कुणीतरी हातांनी, डोक्यावर, पाठीवर केलेलं काम होतं. आणि बहुतेक घरांत ते 'कुणीतरी' म्हणजे आई, बहीण किंवा मुलगी होती. चूल गेली आणि गॅस आला, तेव्हा फुंकणी कोणाच्या हातातून सुटली? पाटा-वरवंटा जाऊन मिक्सर आला, तेव्हा कोणाचे खांदे मोकळे झाले? माझ्या घरी नळ होता म्हणून मी सकाळी पाढे पाठ करू शकले. माझी इंजिनिअरिंगची पदवी त्या ०.६ टक्के चालणाऱ्या नळावर उभी आहे, हे मी नम्रपणे सांगते.

तिची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. लग्नानंतर, दोन मुलं झाल्यावर, तिने १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी दिली. गणितात तिला ८७ मार्क पडले. आज ती अंगणवाडी सेविका आहे. तिच्या अंगणवाडीतल्या मुलांना ती पहिली गोष्ट शिकवते ती नळ बंद करायला. (इथे सभागृहात टाळ्या वाजल्या आणि ती उठून उभी राहिली नाही. पण कोण ते सगळ्यांना कळलं.)

हापशाचा उल्लेख झाला म्हणून एक सांगते. मी हे वाचलं तेव्हा मला फार अभिमान वाटला. माझ्या आईने १९७२ चा दुष्काळ अठराव्या वर्षी पाहिला. रोजगार हमीवर खडी फोडली, सुकडी खाल्ली. त्या काळात आडं-विहिरी आटल्या आणि कातळात खोल बोअर घेण्याचं काम मराठवाड्यात आणि सोलापूरकडे जोरात सुरू झालं. पण बोअरवर बसवलेले सुरुवातीचे बिडाचे पंप टिकत नसत. ते मुळात एका कुटुंबासाठी बनवलेले, आणि इथे एकेका पंपावर अख्खं गाव दिवसभर हापसायचं. त्यावर उपाय निघाले ते आपल्या आसपासच. आधी जालन्यात 'जालना पंप' झाला, मग सोलापुरात 'सोलापूर पंप'. याच सोलापूर पंपाच्या रचनेवरून पुढे सत्तरच्या दशकाच्या शेवटी युनिसेफच्या पुढाकाराने 'इंडिया मार्क टू' हा हातपंप तयार झाला. तो देशभर तर गेलाच, पण आफ्रिकेतल्या देशांतही पोचला. आपण ज्याला नुसता 'हापसा' म्हणतो आणि ज्याच्या दांड्याला लटकून झोके घेतल्याबद्दल आपण मार खाल्ला, त्याच्यामागे आपल्याच भागातल्या कारागिरांची बुद्धी आहे. शाळेत आपण जेम्स वॅट पाठ केला. हापसा पाठ करायला हवा होता.

आता २०१६ कडे येते. तो उन्हाळा आपण कुणीच विसरणार नाही. मांजरा धरण कोरडं पडलं. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा आदेश लागला. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, पाण्याच्या टाकीपाशी पाचजण जमायचे नाहीत म्हणे." तो हसत सांगत होता, पण मला हसू आलं नाही. मग एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, सुमारे ५ लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली, सुमारे २५ लाख लिटर. टीव्हीवर आपलं लातूर देशाने पाहिलं.

त्या गाडीबद्दल मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली आकड्याची. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या वर होती. २५ लाख लिटर पाणी तेवढ्या माणसांत वाटलं तर माणशी साडेसहा लिटर येतं. माझ्या पुण्याच्या फ्लॅटमधला फ्लश एकदा दाबला की साधारण तेवढंच पाणी जातं. म्हणजे पन्नास वाघिणी भरून, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून आलेली अख्खी गाडी ही या शहराच्या एका फ्लशइतकी होती. हा हिशेब केल्यापासून ते बटण मला हलकं लागत नाही.

दुसरी गोष्ट रुळांची. आपण शाळेत असताना मिरज-कुर्डुवाडी-लातूर या मार्गावर कोणती गाडी धावायची? आठवते ना? अरुंद रुळांवरची ती आपली 'बार्शी लाइट'. चढावर इतकी हळू व्हायची की मुलं उतरून पुन्हा चढायची, अशा बढाया मारणारे दोघे इथे बसले आहेत. तो मार्ग इंग्रजांच्या काळातला, लातूरपर्यंत तो १९११ साली आला. त्याचं रुंदीकरण होऊन पूर्ण मार्ग मोठ्या रुळांचा झाला तो २०१६ च्या काही वर्षं आधी. ते काम कित्येक वर्षं रखडत चाललं होतं आणि आपण सगळ्यांनी त्याला नावं ठेवली होती. ते काम झालं नसतं तर त्या वाघिणी लातूरला आल्याच नसत्या. ज्या मजुरांनी उन्हात ते स्लीपर टाकले, त्यांच्यापैकी कुणाच्याही मनात पाणी नव्हतं. त्यांनी फक्त त्यांचं काम नीट केलं. त्या वाघिणी राजस्थानात कोट्याच्या रेल्वे कारखान्यात आतून धुऊन, वाफ देऊन स्वच्छ केलेल्या होत्या. धुणाऱ्यांनी लातूर पाहिलंही नसेल. त्यांनी धुतलेल्या टाकीतलं कृष्णेचं पाणी माझ्या भाचीने प्यायलं. त्या माणसांना धन्यवाद द्यायचे तर पत्ता कुठला घालायचा?

मला माझ्या नोकरीमुळे ही अदृश्य माणसं जास्त दिसायला लागली. आमच्या कामात पाळी लावून रात्री जागावं लागतं. यंत्रणेत कुठे काही अडलं तर रात्री दोनला फोन वाजतो, आपण उठायचं, दुरुस्त करायचं. काम नीट झालं तर सकाळी कुणाला काही कळतही नाही, आणि तेच आमचं यश. आधी मला याचं वाईट वाटायचं. मग एकदा उन्हाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास आला म्हणून माझी मुलगी नाक मुरडत होती, तेव्हा लक्षात आलं की असा रात्री जागणारा एक माणूस तिकडे जलशुद्धीकरण केंद्रावरही आहे. धरणाचं गढूळ पाणी येतं, त्यात तुरटी घालून गाळ खाली बसवतात, मग वाळूच्या थरांतून गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. ते असं मोजून द्यायचं की किलोमीटर-किलोमीटर पाइपांतून फिरून तुमच्या नळापर्यंत आल्यावरही एका लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक राहिलं पाहिजे. वाटेत कुठे घाण शिरली तर तिच्याशी झुंजायला तेवढं उरावं लागतं. म्हणजे मुलीला आलेला तो वास ही तक्रार करण्याची गोष्ट नव्हती. कुणीतरी जागं आहे याची ती पोच होती. आपल्या आज्यांच्या काळात पटकीच्या साथीने घरं रिकामी व्हायची. आज आपल्या मुलांना पटकी हा शब्द शिव्यांपुरताही माहीत नाही.

आणि अशा माणसांत मी ज्यांना सगळ्यांत आधी मोजायला हवं, ते आपले शिपाई मामा. मामा आज आपल्यात नाहीत. शाळा सकाळी सात वीसला भरायची. मधल्या सुट्टीत आपण व्हरांड्यातल्या रांजणांवर तुटून पडायचो. ते रांजण कधी रिकामे असल्याचं तुम्हाला आठवतं का? मला एकदाही आठवत नाही. उन्हाळ्यात शहरात पाणी नसायचं, हापशावर ओळ असायची, पण रांजण भरलेले असायचे, त्यावर स्वच्छ फडकं बांधलेलं असायचं आणि ओगराळं खुंटीला असायचं. परवा मामांच्या मुलाला भेटले. तो म्हणाला, "बाबा पहाटे साडेचारला सायकलला दोन कॅन लावून निघायचे. शाळा भरायच्या आत सहा खेपा." आपण दहा वर्षं ते पाणी प्यायलो. ते कुठून येतं हे विचारावंसं मुलांना वाटत नाही, आणि वाटू नये यासाठीच मामा साडेचारला उठत होते. पण आपण आता पंचेचाळिशीचे झालो आहोत. आता विचारायला हरकत नाही.

माझी आई आता माझ्याजवळ पुण्यात असते. आमच्या सोसायटीत चोवीस तास पाणी आहे, उन्हाळ्यात त्यातलं बरंचसं टँकरचं असतं हा भाग वेगळा. तरी आई रोज रात्री झोपण्यापूर्वी एक तांब्याची कळशी घासून, भरून, झाकून ठेवते. माझी मुलगी तिला विचारते, "आजी, नळ आहे की, कळशी कशाला?" आई म्हणते, "नळ आहे म्हणूनच. नळाला येतं तेव्हाच भरून ठेवायचं असतं." मुलीला यात गंमत वाटते. मला त्यात आमच्या कंपनीचा अख्खा आपत्कालीन आराखडा दिसतो. फरक एवढाच की आमच्या आराखड्याला शंभर पानं लागतात आणि आईला एक कळशी पुरते. सुखाची कदर म्हणजे सुख नाकारणं, आपल्या मुलांना मुद्दाम घागरी वाहायला लावणं, असं मी अजिबात म्हणत नाही. 'आमच्या वेळी' म्हणून मुलांना टोमणे मारण्यातही अर्थ नाही. ज्यांनी ओझं वाहिलं त्यांनी ते आपल्या मुलांच्या डोक्यावर येऊ नये म्हणूनच वाहिलं. कदर करायची म्हणजे ही गोष्ट चालू कशामुळे आहे ते माहीत असणं, आणि ती चालू राहावी म्हणून आपल्या वाट्याचं करणं.

म्हणून शेवटी एक मागणं मागते. आज सकाळी मी शाळेत फिरून आले. इमारत नवी झाली आहे, ई-लर्निंगची खोली झाली आहे, पाहून फार बरं वाटलं. मुलींच्या स्वच्छतागृहात गेले. चार वर्षांपूर्वी कुणा दात्याने ते बांधून दिलं आहे, संगमरवरी पाटीही आहे. पण मोटर जळलेली आहे, टाकी कोरडी आहे आणि दोन दारांच्या कड्या तुटल्या आहेत. सध्याच्या मुख्याध्यापिका बाईंनी मोकळेपणाने सांगितलं, "बांधायला पैसे मिळतात हो ताई, चालवायला मिळत नाहीत." आठवी-नववीच्या किती मुली महिन्यातले चार दिवस शाळेत येत नाहीत, हेही त्यांनी हळूच सांगितलं. आपल्या वेळीही येत नव्हत्या. आपण मुली एकमेकींत कारण 'पोटात दुखतंय' असं सांगायचो.

आपली तुकडी या मेळाव्यानिमित्त शाळेला काही भेट देणार आहे. संयोजकांच्या यादीत प्रवेशद्वाराची कमान आहे, व्यासपीठ आहे, सरस्वतीची मूर्ती आहे. सगळं चांगलंच आहे. माझी विनंती अशी की या वेळी आपण काहीही नवं बांधू नये. जे आहे ते चालू ठेवू. मोटर, टाकी, कड्या, छतावरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये मुरवण्याची सोय, आणि हे सगळं महिन्याला एकदा तपासून दुरुस्त करणाऱ्या माणसाचा पगार. आपण इथे चौसष्ट जण आहोत. प्रत्येकाने वर्षाला हजार रुपये दिले तरी वर्षाचे चौसष्ट हजार होतात, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्या वर. एका वर्षाचे नाहीत, दरवर्षीचे. हे काम करायला शहरातला एखादा प्लंबर आनंदाने येईल, मी दोघांना विचारून आले आहे. हिशेब दर जूनला मी आणि माझी ती बाकावरची मैत्रीण मिळून तुम्हाला पाठवू. बेरीज ती करेल, कारण माझ्यापेक्षा तिचं गणित अजूनही चांगलं आहे.

या कामाला पाटी लावता येणार नाही. उद्घाटन करता येणार नाही. फोटो काढायचा तर कशाचा काढणार, न जळलेल्या मोटरचा? आपण काम नीट केलं तर त्या मुलींना आपण कोण हे कधी कळणारही नाही. त्या नळ सोडतील, पाणी येईल, कडी लावतील, ती लागेल, आणि त्या तासाला वर्गात जाऊन बसतील. मामांनी आपल्यासाठी जे केलं, ते याहून वेगळं नव्हतं.

माझ्या हातातला हा कागद मी आता फिरवते. त्यावर पहिली दोन नावं लिहून झाली आहेत. खाली जागा भरपूर आहे, आणि गणिताच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्या बघत आहेत कोण लिहितं आणि कोण मान खाली घालतं.